पार्श्वभूमी : नथ लख्ख, पापण्या धूसर

लग्नसराईत परभणी-जालन्याकडच्या फोटोग्राफरांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. फोकस नवरीच्या डोळ्यावर धरला, कॅमेऱ्याने बीप दिला, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर पाहावं तर नथीचा मोती लख्ख, पापण्या मात्र धूसर. गेल्या वैशाखात एका हळदीचे माझे बरेच फोटो असे निघाले. हात हलला असेल म्हणून मी दोन दिवस हळहळत होतो. पण हात हलला तर सगळंच पुसट होतं. इथे मोती सुईसारखा स्पष्ट होता.

1860च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या लेण्यांचे फोटो काढत होता, तेव्हा ही अडचण नव्हती. त्या काळी काळ्या कापडाखाली डोकं घालून दुधी काचेवर प्रतिमा जुळवायची आणि मग त्याच जागी प्लेट सरकवायची. पाहायची जागा आणि चित्र उमटायची जागा एकच.

ऑटोफोकसचा पहिला बाजारी कॅमेरा कोनिका सी35 एएफ, 1977चा. खरा फरक पडला तो 1985च्या मिनोल्टा 7000ने. तिथून एसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, बॉडीतच ऑटोफोकस आला. अशा कॅमेऱ्यात मुख्य आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागचा छोटा आरसा तो खाली वळवतो आणि तळाशी बसवलेला सेन्सर फोकस ठरवतो. फोटो उमटतो तो मागे, दुसऱ्याच जागी. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. छोटा आरसा केसभर कलला, की कॅमेरा मनापासून चुकीचं सांगतो. 85 एमएमची लेन्स एफ 1.8वर, म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं प्रकाशाचं छिद्र) मोठं उघडून, दोन मीटरवरून : स्पष्ट पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. त्यात नथ आणि पापणी यांतलं अंतर पुरेसं घात करतं.

फिल्मच्या छोट्या प्रिंटवर हे सहसा खपून जाई. डिजिटलवर शंभर टक्के झूम करून बघायची सवय लागली आणि दोष उघडा पडला. 2007मध्ये कॅननच्या 1डी मार्क 3 आणि निकॉनच्या डी3, डी300मध्ये वापरणाऱ्यालाच तो दुरुस्त करता येऊ लागला : मेनूत आकडा बदलून, उणे 20 ते अधिक 20, फोकस पुढे-मागे सरकवायचा. स्वस्त मॉडेलांना मात्र ही सोय दिली नाही. कॅननच्या 60डीतसुद्धा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण आपल्याकडे सेकंडहँड घेतले जातात ते बहुतेक हेच कॅमेरे.

माझ्या कॅमेऱ्यात ती सोय आहे. मी आधी लेन्सचे कॉन्टॅक्ट कोरड्या सुती कापडाने पुसले. मग सकाळी ओसरीत, कारण पिवळ्या बल्बखाली ऑटोफोकस वेगळं वाचू शकतो, खोक्यावर वर्तमानपत्राचा मथळा उभा चिकटवला. शेजारी शिंप्याची टेप उताराने लावली, 30चा आकडा मथळ्याच्या रेषेत. 50 एमएम लेन्स, ट्रायपॉड अडीच मीटरवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस पॉइंट. दर वेळी रिंग फिरवून फोकस मोडायचा आणि नव्याने लावायचा. दहापैकी आठ फोटोंत 27 स्पष्ट : फोकस अलीकडे पडत होता. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढलेल्या फोटोंत, मात्र 30च, कारण तिथे आरसा वर असतो आणि फोकस फोटोच्याच सेन्सरवर मोजला जातो. मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेल्या, कॅमेऱ्यात हा घोटाळा उरत नाही तो याचमुळे.

अधिक 8 केल्यावर 30 जागेवर आला. 85 एमएमला अधिक 3 पुरले. दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून लेन्सच्या झाकणांच्या आत लावलेत.