ब्रेड आणि लीडर यांच्या सांध्याची पार्श्वभूमी

गळाने मासे धरणारे आज ज्या सांध्याविषयी सर्वांत जास्त वाद घालतात, तो म्हणजे विणलेली ब्रेड दोरी आणि तिच्या टोकाला गळाच्या बाजूने जोडलेला जाड, पारदर्शक तुकडा, म्हणजे लीडर, यांचा सांधा. या वादाचे मूळ गाठींपेक्षा दोरी ज्या द्रव्याची असते त्यात आहे. हे द्रव्य गेल्या शंभर वर्षांत दोनदा मुळापासून बदलले आणि दोन्ही वेळा गाठींचा नव्याने विचार करावा लागला.

नायलॉन येण्यापूर्वी युरोपात गळाची मुख्य दोरी विणलेल्या रेशमाची असे आणि तिच्या टोकाला ‘गट’ जोडत. रेशीमकिडा व्हिनेगरमध्ये भिजवून त्याच्या रेशीमग्रंथी हाताने ताणल्या की त्यांची पारदर्शक, चिवट तार होई. स्पेनमधील मुर्सिया हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. एका ग्रंथीपासून जेमतेम हातभर तार निघत असल्याने अनेक तुकडे एकमेकांना बांधूनच लीडर तयार करावा लागे. दोन्ही तुकड्यांचे वेढे एकमेकांवर घेऊन टोके मधोमध ओवायची ब्लड नॉट त्या काळात रुळली. जवळपास सारख्याच जाडीचे तुकडे जोडण्यासाठी ती उत्तम आहे, पण जाडीत मोठा फरक असला की तिचा भरवसा उरत नाही.

1938 मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि हवी तेवढी लांब, एकसंध तार मिळू लागली. आपल्या किनाऱ्यावर जिला तंगूस म्हणतात, ती हीच तार. नायलॉन ताणले की बरेच लांबते आणि त्याचे वेढे दाबाखाली एकमेकांत रुततात, त्यामुळे जुन्या गाठी दोन-तीन वेढे वाढवून चालवून घेता आल्या. बारीक दोरीला जाड दोरी जोडण्याचा प्रश्न मात्र राहिला. त्यावर फ्लोरिडा कीज बेटांवरील वाटाडे जिमी अल्ब्राइट यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ प्रचारात आली: जाड दोरी दुमडून तिचा फास करायचा आणि बारीक दोरीचे वेढे त्या फासावर घ्यायचे. फ्लोरिडाचेच लेखक विक डनवे यांनी युनी नॉटचा, म्हणजे दोरीचे टोक दोरीभोवतीच गुंडाळून आवळायच्या गाठीचा, प्रसार केला. तिची दुहेरी आवृत्ती, म्हणजे दोन्ही दोऱ्यांनी एकमेकींवर घातलेली हीच गाठ, आजही नवशिक्यांना प्रथम शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे.

खरी उलथापालथ पॉलिथिलीनने केली. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस अतिलांब रेणूंच्या पॉलिथिलीनपासून तंतू ओढण्याची पद्धत विकसित केली. 1990 मध्ये हेरलेन येथे डायनीमा या नावाने त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. अमेरिकेत स्पेक्ट्रा हा तसाच तंतू त्याआधीच बाजारात आला होता. 1990च्या दशकात या तंतूंच्या ब्रेड जगभर पसरल्या. त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा ही दोरी कितीतरी बारीक असते, तुटेपर्यंत जेमतेम 3 ते 4 टक्के लांबते आणि तिची घनता 0.97 असल्याने पाण्यावर तरंगते. याच गुणांमुळे दूरवरच्या माशाचा हलका स्पर्शही हाताला कळतो.

याच तंतूचे दोषही तितकेच मोठे आहेत. त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की तंगुसावर वर्षानुवर्षे टिकलेली गाठ त्यावर हळूहळू सरकत सुटून जाते. तो सुमारे 150 अंश सेल्सियसला वितळतो, म्हणून कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनेच धागे दुबळे होऊ शकतात. गाठ ओली करून आवळण्याचा आग्रह यासाठीच आहे. शिवाय बारीक धाग्यांची ही वीण खडकावर घासली की लवकर तुटते. कोकणात खडकांच्या आडोशाला राहणारी तांबोशी किंवा गालफडांच्या कडा धारदार असलेला जिताडा गळाला लागला, तर लीडरवाचून निभाव लागत नाही. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये आणलेली फ्लोरोकार्बनची तार या कामी उपयोगी पडली. ती घासणीला टिकते आणि तिचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे 1.42, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या अधिक जवळ असल्याने ती पाण्यात कमी दिसते. मात्र कडक आणि जाड असल्यामुळे तिची ब्रेडशी सांधणूक आणखी अवघड झाली.

याचे सर्वांत समाधानकारक उत्तर, माझ्या मते, जपानमधून आलेल्या एफजी गाठीने दिले. तिच्यात लीडरला गाठ पडतच नाही. लीडर सरळ राहतो आणि ताणलेली ब्रेड त्याच्यावर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने अशी साधारण वीस वेळा आळीपाळीने विणली जाते. शेवटी अर्ध्या गाठी घालून वीण जागच्या जागी धरली जाते. बोट अडकले की ओढल्यावर अधिकच घट्ट होणाऱ्या वेताच्या नळीसारखी ही वीण जोराबरोबर आवळत जाते. ताण एकाच वळणावर न येता संपूर्ण लांबीभर वाटला जातो, म्हणून ब्रेडची बहुतेक ताकद शाबूत राहते. सांधा इतका सडपातळ होतो की लांब लीडरही रॉडच्या कड्यांतून न अडखळता जातो. पहिल्यांदा आवळताना मात्र हातमोजे घालून किंवा दांड्यावर गुंडाळून, ब्रेडचा रंग गडद होईपर्यंत ओढावे लागते. ही पायरी ढिली राहिली तर उत्तम विणलेली गाठही पहिल्याच फेकीत घसरते.

हलत्या होडीत किंवा वाऱ्यात एफजी बांधणे कठीण असल्याने जुनी वाटही सुटलेली नाही. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्या अल्बर्टो नाय यांनी अल्ब्राइटच्या गाठीत बदल करून वेढे आधी फासाच्या दुमडीपासून दूर आणि मग त्यांच्यावरूनच परत दुमडीकडे नेले. ब्रेडवर ही गाठ मूळ गाठीपेक्षा चांगली पकड घेते आणि काही सेकंदांत बांधून होते, म्हणून घरी एफजी बांधून निघालेले लोकही पाण्यावर दोरी तुटली की हिच्याकडेच वळतात.