कोंडी (आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्स)

आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्स या दहा बाय दहाच्या पटावरच्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्या मारण्याऐवजी त्यांच्या पुढच्या वाटा धरून ठेवण्याचा डावपेच म्हणजे कोंडी. कोंडलेली सोंगटी पटावर जिवंत असते, पण हलली की स्वतः मरते किंवा शेजारच्या सोंगटीला मारवते. अशा दोन-चार सोंगट्या एका कडेला अडकल्या की उरलेल्या सोंगट्यांवरच डाव रेटावा लागतो. त्यांच्याही चाली संपल्या की नाइलाजाने कोंडीतली सोंगटी हलवावी लागते आणि तिथेच डाव कोसळतो. फ्रेंच खेळाडू याला ‘आँशेनमाँ’ म्हणतात, म्हणजे साखळीने जखडणे. डच शब्द आहे ‘ऑप्स्लाउटिंग’, म्हणजे आत कोंडून ठेवणे. मराठीत ‘कोंडी’ चपखल बसतो, कारण कोंडी करणे आणि कोंडी फोडणे हे दोन्ही वाक्प्रचार आपल्याकडे आधीपासून आहेत आणि या खेळात दोन्हींचे काम पडते.

सोलापूरकराला ही कल्पना परकी नाही. मराठीत वाघ-बकरी, कानडीत आडू-हुली आणि तेलुगूत पुली-मेका ही एकाच घराण्यातल्या खेळांची नावे, आणि या तिन्ही भाषा सोलापुरात एकमेकींच्या शेजारी नांदतात. पटावरच्या रेघा आणि वाघ-बकऱ्यांची संख्या गावागणिक बदलते, शेवट मात्र तोच राहतो: बकऱ्या वाघाला मारत नाहीत, त्याला हलायला जागा ठेवत नाहीत. ड्राफ्ट्सच्या नियमांतही ज्याच्याकडे चाल उरली नाही तो हरला, मग त्याच्या कितीही सोंगट्या पटावर असोत. फरक आहे तो मारण्याच्या बाबतीत. वाघाने उडी घ्यायची की नाही हे वाघ चालवणारा ठरवतो. ड्राफ्ट्समध्ये मारता येत असेल तर मारावेच लागते. कोंडीची कडी आणि कोयंडा दोन्ही या सक्तीचे बनलेले आहेत.

पट आणि नियम

पटावर १०० घरे असतात, खेळ मात्र फक्त ५० काळ्या घरांवर चालतो. पांढऱ्याकडून पाहिले तर वरच्या, म्हणजे काळ्याच्या, ओळीपासून डावीकडून उजवीकडे ही घरे ओळीला पाच याप्रमाणे १ ते ५० अशी मोजतात. सुरुवातीला काळ्याच्या २० सोंगट्या १ ते २० वर, पांढऱ्याच्या २० सोंगट्या ३१ ते ५० वर, आणि मधल्या दोन ओळी मोकळ्या. पहिली चाल पांढऱ्याची. साधी सोंगटी एक घर तिरकी पुढे जाते, पण मारताना पुढेही उडी घेते आणि मागेही. एका चालीत जितक्या सापडतील तितक्या मारत जायचे. दोन वाटा असतील तर जास्त सोंगट्या मिळतील ती वाट घ्यावी लागते. शेवटच्या ओळीत पोहोचून थांबलेली सोंगटी राजा होते आणि मग कितीही लांब तिरकी धावते.

कोंडीचे मूळ यातल्या एका साध्या गोष्टीत आहे: मारण्याचा प्रसंग सोडला तर साधी सोंगटी मागे येऊ शकत नाही. बुद्धिबळात घोडा चुकीच्या घरात गेला तर पुढच्या चालीत परत आणता येतो. इथे पुढे टाकलेले पाऊल पुढेच राहते. म्हणून अडकण्याचा धोका साध्या सोंगट्यांना असतो. राजाची गोष्ट वेगळी. ५ ते ४६ या मुख्य तिरक्या रेषेवर एकटा राजा ठाण मांडून बसला, तर समोरचे तीन राजे मिळूनही त्याला सहसा पकडू शकत नाहीत. दुसरी गोष्ट काठाची. काठावरच्या सोंगटीवरून कुणी उडी मारू शकत नाही, त्यामुळे नवशिक्याला ती जागा सुरक्षित वाटते. पण काठावरून पुढे जायला एकच घर असते. ते एक घर दुसऱ्याने राखले की सुरक्षित सोंगटी कैदेत गेली.

काठावरची एक कोंडी

काळ्याच्या सोंगट्या १६, २१, २६ वर आणि पांढऱ्याच्या २७, ३२, ३७ वर आहेत. पटाच्या दुसऱ्या काठाला काळ्याची एक सोंगटी २५ वर, पांढऱ्याची एक ३५ वर. बाकी पट रिकामा, चाल काळ्याची.

संख्येने दोघे सारखे, चार आणि चार. तरी डाव पांढऱ्याचा आहे. १६ ला पुढचे एकच घर, २१, आणि तिथे स्वतःचीच सोंगटी. २१ समोर २६ वर आपली, २७ वर परकी. २७ वरून उडी घ्यावी तर पलीकडे ३२ भरलेले. हलू शकते ती फक्त २६, तीही फक्त ३१ वर. ती तिथे गेली की ३७ वरची पांढरी सोंगटी तिच्यावरून २६ वर उतरते आणि तिथून २१ वरून उडी घेत १७ वर जाते. एका चालीत दोन गेल्या. २७ वरूनही मागे उडी घेऊन ३१ मारता आली असती, पण तिथे एकच मिळते, म्हणून नियमाने दोनाचीच वाट धरावी लागते. आता काळ्याकडे उरल्या १६ आणि २५. १६ वरची २१ वर आली की मेली, २५ वरची ३० वर आली की ३५ वरची तिला घेते. काळ्याने आधी २५ वरची हलवली असती, तरी शेवट हाच होता.

या सहा सोंगट्यांच्या कोपऱ्यात मागची घरे फार बोलतात. काळ्याच्या आणखी दोन सोंगट्या ६ आणि ११ वर असत्या, तर पांढरी १७ वर उतरताच ११ वरची तिला मारून २२ वर, तिथून २७ ला मारून थेट ३१ वर गेली असती. दोन देऊन दोन घेतल्या, आणि कोंडीही संपली. म्हणून कोंडी पूर्ण झाली की नाही हे समोरासमोरच्या सोंगट्या पाहून ठरत नाही. त्यांच्या मागे दोन ओळी पाहाव्या लागतात.

हाच कोपरा पटाच्या उलट बाजूलाही तयार होतो. प्रत्येक घराचा आकडा ५१ मधून वजा केला की झाले: पांढऱ्याच्या ३५, ३०, २५ अडकतात आणि काळ्याच्या २४, १९, १४ पहारा देतात. सराव करताना दोन्ही बाजूंनी मांडून पाहिले तरच डोळ्याला ओळख होते.

मोकळ्या चालींचा हिशेब

कोंडी घातली म्हणजे डाव जिंकला असे नाही. वरच्या डावात काळ्याकडे आणखी एक-दोन निर्धास्त चाली असत्या, तर आधी पांढऱ्यालाच आपले पहारे हलवायची वेळ आली असती. चांगला खेळाडू म्हणून कोंडी घालण्याआधी मोजतो: कोंडीबाहेर माझ्या किती चाली उरल्या, त्याच्या किती उरल्या, आणि शेवटची मोकळी चाल कुणाच्या वाट्याला येते. या मोजणीत एक चाल इकडची तिकडे झाली तर निकाल फिरतो. काही वेळा त्यासाठीच एकास एक अशी मारामारी केली जाते. सोंगट्यांची संख्या बदलत नाही, पण चालीचा क्रम बदलतो.

दुसरे मोजायचे ते पहारेकरी. तिघांना धरायला तीन लागले तर तो बरोबरीचा सौदा. दोघांनी तिघांना धरले, किंवा तिघांनी धरलेल्यांच्या मागे आणखी दोन येऊन गर्दीत रुतल्या, तर उरलेल्या पटावर आपली संख्या भरते आणि तिथे हल्ला करता येतो. माझ्या मते कोंडीचा खरा फायदा इथे आहे. कोंडलेल्या सोंगट्या मरायची वाट बघण्यापेक्षा, त्या गैरहजर असताना दुसऱ्या बाजूला डाव जिंकणे जास्त वेळा जमते.

पहाऱ्यालाही मोकळीक नसते, हे विसरून चालत नाही. त्याच कोपऱ्यात पांढऱ्याने ३२ वरची सोंगटी २८ वर नेली, तर २१ वरची काळी २७ ला मारून ३२ वर येते आणि त्याच झपाट्यात आणखी एक घेते. ३७ वरची ३१ वर नेली तर २६ वरची काळी ३१ आणि ३२ या दोन्ही मारते. ताण्यातला एक धागा तुटला की विणकराला माग थांबवावा लागतो. ३२ आणि ३७ ही या कोंडीतली तशी घरे आहेत.

कोंडी फोडणे

फोडण्याचे हत्यारही तीच सक्ती. पहारेकऱ्यासमोर अशी सोंगटी टाकायची की ती मारण्यासाठी त्याला जागा सोडावीच लागेल. वरच्याच कोपऱ्यात काळ्याची एक मोकळी सोंगटी २३ वर आहे असे धरा. ती २८ वर येते. पांढऱ्याला दुसरा मार्ग नाही, ३२ वरची तिला मारून २३ वर जाते. ३२ रिकामे झाले. आता २१ वरची काळी २७ वरून ३२ वर, तिथून ३७ वरून ४१ वर. एक दिली, दोन घेतल्या, आणि ती सोंगटी राजा होण्यापासून एकच घर लांब उभी आहे. ज्या नियमाने काळा अडकला होता, त्याच नियमाने पांढऱ्याचा पहारा उठला.

आठ बाय आठच्या इंग्रजी चेकर्समध्ये साध्या सोंगटीला मागे मारता येत नाही आणि जास्त मारण्याची सक्तीही नाही. त्यामुळे त्या खेळातल्या कोंड्यांचे ज्ञान जसेच्या तसे इथे आणू नये. दहाच्या पटावर पहारा ओलांडून पुढे गेलेली सोंगटीही मागून मारली जाऊ शकते, आणि ओळखीची वाटणारी सुटका सापळा निघते.

इतिहासातील स्थान

दहा बाय दहाचा हा खेळ १८ व्या शतकात फ्रान्स आणि हॉलंडमध्ये रुजला. त्याचा जागतिक महासंघ १९४७ साली स्थापन झाला. कोंडीचा विचार डावाच्या सुरुवातीपासूनच करता येतो हे सगळ्यात ठळकपणे दाखवले ते डच खेळाडू पीट रोझेनबर्ग याने. तो १९४८ मध्ये जगज्जेता झाला आणि १९५६ पर्यंत त्याने ते पद राखले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत पांढरा आपली सोंगटी २४ वर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या पटात, रोवतो. काळ्याकडून हेच घर २७. त्या खुंट्यामुळे समोरच्या एका बगलेची हालचाल आखडते. मध्यभाग काबीज करण्यावर भर देणाऱ्या जुन्या खेळाला हे मोठे उत्तर होते. सर्वोच्च पातळीवर या खेळात बरोबरीचे डाव पुष्कळ होतात. दोन्ही बाजू नीट खेळत असताना तोल बिघडवण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत कोंडी येते.

सोलापुरात शिकताना

दहा बाय दहाचा तयार पट नसला तरी शहाबादी फरशीवर खडूने तो पाच मिनिटांत आखता येतो. सोंगट्यांसाठी चिंचोके पुरतात: काळ्यासाठी अखंड, पांढऱ्यासाठी फोडून पांढरी बाजू वर ठेवलेले. राजा झाला की एकावर एक दोन ठेवायचे. खालचा डावा कोपरा काळा, म्हणजे खेळाचा, असला पाहिजे. तो चुकला तर सगळे आकडे उलटेपालटे होतात. घरांचे आकडे पहिले काही दिवस खडूने लिहूनच ठेवावेत. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की पोरे दुपारभर घरात असतात, आणि तेव्हा हा खेळ अंगात मुरायला पुरेसा वेळ मिळतो.

शिकवताना चाळीसही सोंगट्या मांडून सुरुवात करू नये. मूल पहिल्यांदा मारायलाच धावते. वाघ-बकरीत मुरलेला एखादा आजोबा शेजारी बसला तर तो बरोबर टोकतो: “अरे मारायला काय धावतोस बे, त्याला जागा किती राहिली ते मोज की आधी.” म्हणून वरचा कोपरा, सहाच चिंचोके, असा मांडावा. एकदा पोराला काळा देऊन कुठली सोंगटी हलते ते शोधायला लावावे. मग पांढरा देऊन ३२ वरची उचलायला सांगावे, म्हणजे पहाऱ्याची किंमत कळते. तिसऱ्या वेळी काळ्याला २३ वर एक जास्तीचा चिंचोका द्यावा आणि सुटका त्याची त्याला सापडू द्यावी. ती सापडली की पांढऱ्यासाठी ३३ वर एक चिंचोका ठेवून तोच डाव पुन्हा मांडावा. काळ्याने सोंगटी २८ वर टाकली तरी आता पांढऱ्यापुढे दोन वाटा आहेत, आणि दोन्हींत एकच सोंगटी मिळते, म्हणून निवड त्याची. तो ३३ वरून ती मारून २२ वर जातो. ३२ वरची सोंगटी जागची हलत नाही, आणि १६, २१, २६ आहेत तिथेच राहतात.