शेअर्ड डेटासेट आणि जोडलेले रिपोर्ट

बीआय (बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे धंद्याच्या डेटावरून रिपोर्ट काढायच्या) सॉफ्टवेअरमधे टेबलं, त्यांची एकमेकांशी नाती आणि हिशोबाची सूत्रं एकदाच एका डेटासेटमधे बसवायची आणि सगळ्या विभागांचे रिपोर्ट त्यालाच लाइव्ह जोडायचे, अशी ही पद्धत. जोडलेल्या रिपोर्टात नुसते चार्ट असतात, डेटा नसतो.

सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. काहीजण थेट आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांच्या १९५८ च्या लेखापर्यंत मागं जातात, पण त्यात विषय होता कागदपत्रं योग्य माणसाकडं आपोआप पोचवण्याचा, म्हणजे नाव 'बिझनेस इंटेलिजन्स' असलं तरी सामायिक डेटासेटशी नातं ओढूनताणूनच लागतं. १९८९ च्या सुमारास विश्लेषक हॉवर्ड ड्रेसनर यांनी ते नाव रुळवलं, तंत्र नव्हे. त्यापेक्षा बिझनेस ऑब्जेक्ट्स या १९९० मधे निघालेल्या फ्रेंच कंपनीचं 'युनिव्हर्स' जास्त जवळचं वाटतं, कारण एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा मागायची भाषा) न येणाऱ्यालाही धंद्यातल्या नावांनी डेटा मागता यावा म्हणून मधे एक सामायिक थर ठेवायची कल्पना त्यात स्पष्ट आहे, आणि १९९६ मधे तिला अमेरिकन पेटंटही मिळालं. मायक्रोसॉफ्टचं बीआय सॉफ्टवेअर पॉवर बीआय २०१५ मधे सर्वांसाठी आलं, पण एका वर्कस्पेसचा (टीमच्या सामायिक जागेचा) डेटासेट दुसऱ्यात वापरायची सोय २०१९ ची. २०२३ च्या शेवटी तिथं डेटासेटचं नाव सिमँटिक मॉडेल झालं.

पॉवर बीआयमधे नवा रिपोर्ट जोडायला डेटासेटवर बिल्ड परमिशन (त्यावर रिपोर्ट बनवायची परवानगी) लागते. प्रो लायसनवर दिवसाला ८ शेड्यूल्ड रिफ्रेश (ठरल्या वेळी डेटा आपोआप ताजा करणं) मिळतात. मेजरचं, म्हणजे डेटासेटमधल्या हिशोबाच्या सूत्राचं, नाव बदललं की ते वापरणारे जोडलेले चार्ट बंद पडतात, तेव्हा कुठले रिपोर्ट कुठल्या डेटासेटला जोडलेत ते दाखवणारा लिनिएज व्ह्यू आधी बघावा.

मराठवाड्यात खरी परीक्षा जिल्ह्यांच्या टेबलाची. जालना १९८१ मधे, लातूर १९८२ मधे, हिंगोली १९९९ मधे वेगळा झाला, त्यात २०२३ चे नामबदल, त्यामुळं बियाणं कंपनीच्या विक्री रिपोर्टात उस्मानाबाद आणि धाराशिव असे एकाच जिल्ह्याचे दोन बार सहज उभे राहतात. सामायिक टेबलात जिल्ह्याला कोड देऊन नाव एकाच जागी बदललं की नामबदलाचं काम भागतं. विभाजनाचं तसं नाही, १९९९ आधीच्या परभणीच्या आकड्यात हिंगोलीही आहे, तिथं जिल्ह्याच्या ओळीत ती कधीपासून कधीपर्यंत लागू त्या तारखा ठेवाव्या लागतात आणि जुनी तुलना तालुक्यावरून जुळवावी लागते.