‘विषाणू वेगळा करून दाखवा’ ही मागणी आली कुठून

कोविडमध्ये ‘व्हायरस असतो हे कुणी सिद्धच केलेलं नाही, असेल तर वेगळा करून दाखवा’ असे मेसेज घरच्या ग्रुपवर सगळ्यांनीच वाचलेत, ते परत सांगत बसत नाही. पण ही शंका 2020 ला जन्मलेली नाही, आणि सुरुवातीला ती घेणारी माणसं अडाणी तर मुळीच नव्हती.

1892 ला जर्मनीत हॅम्बुर्गला पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, 8 हजारांवर माणसं गेली. त्याच ऑक्टोबरात म्युनिकच्या सत्तरी ओलांडलेल्या एका प्राध्यापकांनी पोटातलं आम्ल मारायला आधी सोडा घेतला आणि मग प्रयोगशाळेत वाढवलेले पटकीचे जंतू पिऊन टाकले. जुलाब झाले, बाकी काही नाही. आज हा किस्सा ‘जंतूंनी रोग होत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरतो, पण त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जंतू एकटा पुरेसा नाही, जमीन, घाण, हवामान यांची जोड लागते. हॅम्बुर्गशेजारच्या आल्टोना गावाबद्दल मात्र अशा मेसेजात अवाक्षर नसतं. नदी तीच, पण आल्टोनाला पाणी वाळूतून गाळून यायचं, आणि तिथं साथ फारशी लागलीच नाही.

आपल्याकडे 1897 ला पुण्यात प्लेगच्या वेळी लोक चिडले ते जंतूवर शंका होती म्हणून नव्हे, सोजीर थेट घरात शिरायचे, बायकांना तपासायचे, सामान जाळायचे म्हणून. हा राग वेगळा आहे आणि माझ्या मते रास्त होता, त्याला आजच्या विषाणू-नकाराच्या रांगेत बसवू नये.

खरा आजचा वाद सुरू होतो एड्सपासून. ऑस्ट्रेलियातला एक गट म्हणायला लागला की एचआयव्ही शुद्ध स्वरूपात कधी वेगळाच केलेला नाही, म्हणजे तो नाहीच. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढं रोगाचं नाव बदलत गेलं आणि वाक्य तेच राहिलं. 2000 साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने अशा शंकेखोरांना चक्क सल्लागार मंडळावर घेतलं, औषधं द्यायला उशीर लावला, आणि नंतरच्या एका अभ्यासात त्या धोरणापायी 3 लाख 30 हजारांवर लोक गेल्याचा अंदाज निघाला.

मग गोवर. 2011 ला एका जर्मन जीवशास्त्रज्ञाने जाहीर केलं, गोवराचा विषाणू आहे आणि त्याचा आकार एवढा आहे हे सिद्ध करणारा शोधनिबंध आणा, 1 लाख युरो घ्या. एका तरुण डॉक्टरने सहा निबंध पाठवले. पैसे मिळेनात म्हणून तो कोर्टात गेला, 2015 ला जिंकला, 2016 ला वरच्या कोर्टात हरला. ‘गोवराचा विषाणू नाही असं जर्मन कोर्टाने ठरवलं’ हा मेसेज तिथून निघाला. पण कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचं मत स्पष्ट होतं की सहा निबंध मिळून विषाणू सिद्ध होतो. डॉक्टर हरला तो अटीच्या शब्दांवर, बक्षीस लावणाऱ्याने एकच निबंध मागितला होता आणि अट ठरवायचा हक्क त्याचा, इतकंच. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराने लहान मुलं दगावली ते आठवलं की हा अर्धवट मेसेज मला फार लागतो.

आता मुख्य गुंता, तो शब्दाचा आहे. आयसोलेशन, म्हणजे वेगळं करणं. आपल्याकडे 2020 ला विलगीकरण म्हणजे पेशंटला वेगळ्या वॉर्डात ठेवणं, घरी बसायचं असेल तर हाताच्या मागच्या बाजूला शाईचा शिक्का. त्याच मार्चमध्ये पुण्यातल्या प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू ‘वेगळा केला’ अशा बातम्या आल्या, आणि बऱ्याच जणांना वाटलं की चिमट्याने उचलून काचेवर ठेवला असणार. तसं नसतं. जिवाणू खळीसारख्या खाद्यावर आपापला वाढतो, विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही. म्हणून प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा पातळ थर असतो, त्यावर पेशंटच्या घशातला नमुना टाकतात, काही दिवसांत पेशी गोल होतात, तळ सोडून तरंगायला लागतात, ही विषाणू वाढल्याची खूण. शेजारी दुसरी बाटली असते, त्याच पेशी, तेच खाद्य, तीच अँटिबायोटिक, फक्त पेशंटचा नमुना नाही. तिथला थर जागच्या जागी राहतो. ‘पेशी विषाणूने नव्हे, बाटलीतल्या अँटिबायोटिकनेच मरतात’ या नेहमीच्या आक्षेपाला उत्तर ती दुसरी बाटली आहे आणि तिचा उल्लेख कुठल्याही व्हिडिओत मी ऐकला नाही. शिवाय पुढं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आहेत, पेशंटच्या नमुन्यातूनच वाचलेला जनुकीय क्रम आहे.

तरी मागणी होते की कशातही न मिसळता वेगळा करा. तिचं मूळ अमुक रोग अमुक जिवाणूनेच होतो हे ठरवायच्या एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत आहे, तेव्हा विषाणू हा प्रकारच माहीत नव्हता, आणि ते नियम पटकीलाही पुरते लागू पडत नव्हते, कारण नियमाप्रमाणे जंतू फक्त आजाऱ्यात हवा, आणि इथं जंतू पोटात असून ठणठणीत माणसं सापडत होती. 2020 नंतर माहिती अधिकारासारख्या कायद्यांखाली परदेशात बऱ्याच संस्थांना ‘कशातही न मिसळता वेगळा केलेला’ हीच व्याख्या घालून पुरावा मागणारे अर्ज गेले. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने कळवलं की तुम्ही म्हणता तसं वेगळं करणं विषाणूशास्त्रात शक्यच नाही, विषाणूला वाढायला पेशी लागतात. त्या उत्तराचा फक्त पहिला अर्धा भाग ‘कबुली’ म्हणून पसरला.