ॲटिपिकल नैराश्य आणि द्विध्रुवी विकार

ॲटिपिकल नैराश्य हा स्वतंत्र आजार नसून नैराश्याच्या आवर्तनाचे एक रूप आहे. ते एकध्रुवी नैराश्यात (ज्यात फक्त नैराश्याची आवर्तने येतात) आढळते, तसेच नैराश्याबरोबर उन्मादाचीही (मनाच्या अतिउत्तेजित अवस्थेची) आवर्तने येणाऱ्या द्विध्रुवी (बायपोलर) विकारात, विशेषतः त्याच्या दुसऱ्या प्रकारातही आढळते; त्यात उन्मादाऐवजी त्याचे सौम्य रूप, अल्पोन्माद, असतो.

डीएसएम-४ (अमेरिकी मनोविकार-निदानपुस्तिकेची चौथी आवृत्ती, १९९४) नुसार चांगले काही घडले की मन तेवढ्यापुरते उजळणे, म्हणजे भावप्रतिसाद, ही आवश्यक अट आहे. त्याशिवाय चारपैकी किमान दोन लक्षणे लागतात : वाढलेली भूक किंवा वजन, दिवसाकाठी १० तास किंवा एरवीपेक्षा किमान २ तास अधिक झोप, हातपाय शिशासारखे जड होणे, आणि नकार मनाला फार लागणे. हे शेवटचे लक्षण जुने असावे लागते व नैराश्य ओसरल्यावरही टिकते.

ही संकल्पना औषधांच्या गुणावरून घडली. १९५९ मध्ये लंडनमध्ये वेस्ट व डॅली यांनी इप्रोनियाझिड या एमएओ-रोधकाने (मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर रोखणाऱ्या नैराश्यरोधकाने) बरे वाटणाऱ्या रुग्णांचा गट वर्णिला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया गटाने अशा रुग्णांत फेनेल्झिन हे एमएओ-रोधक इमिप्रामिन या ट्रायसायक्लिक गटातील नैराश्यरोधकापेक्षा सरस ठरते, असे दाखवले. आजाराचा दीर्घ क्रम या मांडणीत मागे राहिला. द्विध्रुवी विकाराच्या दुसऱ्या प्रकाराला डीएसएममध्ये स्वतंत्र स्थान १९९४ मध्येच मिळाले. त्यामुळे त्याआधीचे काही ‘एकध्रुवी’ रुग्ण प्रत्यक्षात द्विध्रुवी असावेत.

खरा वाद येथूनच सुरू होतो. पेरुगी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तपासलेल्या ॲटिपिकल रुग्णांपैकी ७२ टक्के सौम्य द्विध्रुवी वर्णपटात (दुसरा प्रकार व त्याच्या जवळची सौम्य रूपे) बसले. अकिस्कल व बेनाझी या मनोविकारतज्ज्ञांनी पुढे हे रूप एकध्रुवी आणि द्विध्रुवी यांना जोडणारा दुवा मानले. मात्र असे आकडे अल्पोन्मादाच्या व्याख्येवर हेलकावतात : डीएसएम सलग ४ दिवसांची अट घालते, तर या दोघांना २ दिवस पुरेसे वाटतात. दुसरीकडे, मनोविकारतज्ज्ञ गॉर्डन पार्कर यांनी भावप्रतिसादाच्या मध्यवर्ती स्थानालाच हरकत घेतली आहे. इतर लक्षणांशी त्याचा मेळ बेताचाच दिसतो. अतिनिद्रा, अतिभूक आणि अंगाचा जडपणा हीच द्विध्रुवीकडे बोट दाखवणारी चिन्हे अधिक भरवशाची वाटतात. जोडीला २५ वर्षांआधीची सुरुवात, वारंवार आवर्तने आणि कुटुंबात द्विध्रुवी विकार असल्यास संशय बळावतो. तरीही तो संशयच. निदान उन्माद किंवा अल्पोन्माद सापडल्यावरच होते.

अल्पोन्माद हमखास निसटतो, कारण रुग्णाला ते दिवस ‘बरे’ वाटलेले असतात. ‘कधी फार आनंदी होता का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ येते. ‘चार-पाच तास झोपूनही थकवा नाही, कामांचा सपाटा, बोलणे भरभर, असे सलग काही दिवस गेले का?’ असे विचारावे आणि घरच्यांनाही विचारावे. अवटुग्रंथीची (थायरॉइडची) मंदता, झोपेतील श्वासरोध आणि क्वेटियापिन, मिर्टाझापिन यांसारखी औषधेही झोप व वजन वाढवतात. ही कारणे आधी वगळावीत.

उपचारांत फरक मोठा आहे. द्विध्रुवी रुग्णाला नुसते नैराश्यरोधक दिल्यास उन्माद उसळू शकतो. ट्रायसायक्लिक गट व व्हेन्लाफॅक्सिन यांत हा धोका एसएसआरआय गटातील (फ्लुऑक्सेटिनसारख्या) नैराश्यरोधकांपेक्षा जास्त असतो. म्हणून क्वेटियापिन, लिथियम, लॅमोट्रिजिन यांना प्राधान्य मिळते. लॅमोट्रिजिन २५ मिग्रॅपासून दर दोन आठवड्यांनी सावकाश वाढवतात, कारण घाई केल्यास गंभीर पुरळ उठू शकते. व्हॅल्प्रोएट चालू असल्यास मात्रा निम्मी ठेवतात. एमएओ-रोधक द्विध्रुवी नैराश्यातही गुणकारी ठरले आहेत. १९९१ मध्ये हिमेलहॉक व सहकाऱ्यांनी ट्रॅनिलसायप्रोमिन इमिप्रामिनपेक्षा सरस असल्याचे नोंदवले. पण एमएओ-रोधक घेताना मुरवलेले चीज यांसारखे टायरामिनयुक्त पदार्थ वर्ज्य असतात, आणि फ्लुऑक्सेटिन थांबवल्यावर ते सुरू करण्याआधी किमान ५ आठवडे जाऊ द्यावे लागतात.