पार्श्वभूमी : बाई, पेटी आणि स्पर्धेचा नियम

नागपुरात गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या स्मरणार्थ घ्यायच्या बालगायन स्पर्धेच्या नियमावलीत ‘साथीला हार्मोनियम नको, तंबोरा व तबला पुरे’ अशी ओळ आली आणि जुन्या विद्यार्थ्यांत दोन तट पडले. नव्वदी ओलांडलेल्या बाईंनी हयातभर पेटीवर गाणं शिकवलं. त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून पेटी हद्दपार व्हावी, याचं अनेकांना नवल वाटलं. मात्र हा नियम आकाशातून पडलेला नाही, त्यामागे बराच जुना वाद आहे.

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली निघालं. पुढे कलकत्त्यात तिची हातपेटी झाली आणि आपल्याकडे संगीत नाटकांनी तिला घरोघरी नेलं, हे सांगायला नको. ठिणगी पडली ती रेडिओमुळे. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियम बंद झाली. आक्षेप दोन होते. एक, पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, निघत नाही. दुसरा, तिचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं असतं. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले, तर तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. तयार कानाला ते खुपतं, हे मान्यच करायला हवं. पण या शास्त्रशुद्ध तक्रारीत ‘परकं वाद्य’ हा रागही मिसळला होता. गंमत म्हणजे पेटी नको म्हणणाऱ्यांत रेडिओतले इंग्रज अधिकारीही होते!

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं तेव्हा ही बंदी आयतीच आली. गाणाऱ्याला ऑडिशनला सारंगी किंवा व्हायोलिनच्या साथीने बसावं लागे, आणि आयुष्यभर पेटी कानात घेऊन वाढलेली पोरं तिथे बावरत. ‘पेटीवरचं गाणं’ ही शिवी झाली ती याच काळात. महाल-इतवारीतल्या शिकवण्यांमध्येही त्यावरून प्रतवारी ठरू लागली: ज्याच्याकडे तंबोरा, तो शास्त्रीय आणि उरलेले भजनी. मिरजेहून तंबोरा आणणं किती घरांना परवडत होतं, हा प्रश्न त्या प्रतवारीत कुणी विचारला नाही.

बाईंनी त्यावर काढलेला तोडगा विद्यार्थी अजून सांगतात. मुलाला काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सा द्यायचा, आलापात चार सुरांपर्यंत बोट धरून न्यायचं आणि मध्येच भाता सोडून द्यायचा. पेटी गप्प, मूल एकटं. क्षणभराने पुन्हा सा वाजवला की चढलं का उतरलं ते मुलालाच कळे. कुणी पट्ट्यांकडे बघत गायलं की हमखास विचारणा होई, “गाणं म्हणून राहिली का पट्ट्या मोजून राहिली?” पेटीचा दोष त्यांना ठाऊक नव्हता असं समजणाऱ्यांनी त्यांचा वर्ग पाहिलेला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली. सचिवालयातली कुटुंबं भोपाळ-मुंबईकडे पांगली आणि शहरातल्या बऱ्याच शिकवण्या ओस पडल्या. बाईंची समाजसेवा याच रिकाम्या दुपारींतून सुरू झाली. राज्याच्या सीमा बदलल्या तरी छिंदवाडा-बालाघाटचा रुग्ण येत राहिला तो नागपूरच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयातच. आवारात झाडाखाली मुक्काम ठोकलेल्या नातेवाइकांची पत्रं लिहून देणं, कोणती चिठ्ठी कोणत्या खिडकीवर द्यायची ते दाखवणं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. अंध मुलांनाही त्या गाणं शिकवायच्या आणि तिथे पेटीला पर्याय नव्हता. काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनचे गट बोटांना आपोआप सापडतात. शिवाय पेटी सायकलरिक्षात मावते.

१९७१ पासून रेडिओने अटी घालून साथीला पेटी येऊ दिली. एकलवादनाला मात्र त्यानंतरही फार वर्षं दार बंदच होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो मोबाइलमध्ये फुकट मिळू लागला आणि तंबोऱ्याच्या किमतीचा मुद्दा संपला. आजच्या नियमाचे समर्थक नेमकं हेच सांगतात. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. २०२० च्या टाळेबंदीत खुद्द बाईंनीही हाच तंबोरा वापरला. फोनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र गाणं अशक्य. तेव्हा मुलं घरच्या मोबाइलवर तंबोरा लावून गाणं रेकॉर्ड करत, आणि बाई ऐकून चुका सांगत.

सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा एका रात्रीत परिसरातल्या घरांत पाणी शिरलं. बाईंची जुनी पेटी त्यात गेली. भात्याचा कागद सुटला, सूर देणाऱ्या पत्त्या खराब झाल्या, लाकूड फुगून पट्ट्या अडकल्या. उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेनेही ती रुसायची, पण तेव्हा दुरुस्त व्हायची. या वेळी कारागिराने हात टेकले. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दुसरी घेतली आणि शेवटपर्यंत शिकवणी तिच्यावरच चालली.

आता दोन प्रस्ताव आहेत. एकात बारा वर्षांखालच्या गटाला पेटीची मुभा आहे. दुसऱ्यात साथ निवडण्याचा हक्क स्पर्धकालाच द्यावा आणि परीक्षकांनी फक्त गाणं ऐकावं, असं म्हटलं आहे. पहिला तडजोडीचा आहे, बाईंच्या रीतीला धरून असलेला दुसरा. नियमावली छापायला जाण्याआधी आयोजकांची एक बैठक व्हायची आहे.