बाळसं की सूज? जुन्या अमेरिकन कार्टूनमधले दोन जाडे

अमेरिकेवरचं जुनं कार्टून दिसलं आणि त्यात कोणी ढेरपोट्या असला की आपण लगेच म्हणतो, बघा यांची हाव. मीपण तेच म्हणायचो. पण 'पक' नावाच्या एकाच अमेरिकन व्यंगचित्र-साप्ताहिकातली दोन चित्रं शेजारी ठेवून बघितली आणि लक्षात आलं की पोट सारखंच असलं तरी अर्थ पार उलटा असू शकतो.

पहिलं चित्र जोसेफ केपलरचं, जानेवारी 1889 चं. सिनेटचं, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाचं दालन, पुढे आपापल्या डेस्कवर बसलेले चिमुकले सिनेटर, आणि मागे ओळीने उभे असलेले अवाढव्य शेठजी, ज्यांचं धड म्हणजे चक्क पैशाची थैली. त्यांच्यावर नावं लिहिलीयत, स्टँडर्ड ऑइल, साखर, तांबं वगैरे, म्हणजे तेव्हाचे ट्रस्ट, एकेका धंद्यावर मक्तेदारी करून बसलेले. इथे जाडी म्हणजे सूज, दुसऱ्याचं गिळून आलेली. पण मला विचाराल तर चित्राचा जीव पोटात नाहीये, तो वरच्या कोपऱ्यात आहे. तिथे जनतेसाठीचा दरवाजा आहे आणि तो बंद आहे, मक्तेदारांचा मात्र सताड उघडा. तेव्हा सिनेटर निवडायला जनता मत देत नव्हती, राज्यांची विधिमंडळं निवडायची, ते बदललं 1913 मध्ये, 17 व्या घटनादुरुस्तीने. हे माहीत नसेल तर तो बंद दरवाजा नुसती सजावट वाटते.

दुसरं चित्र सप्टेंबर 1900 चं, जे. एस. प्यू याचं. अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिकाच, जो एरवी काटकुळा असतो, तो इथे चांगलाच सुटलाय, आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले शिंपी बनून त्याचं माप घेतोय. आजच्या डोळ्यांनी बघितलं तर वाटतं, झालं, साम्राज्यवादी अधाशीपणावर टीका! पण त्याच्या पँटचे पट्टे वाचा, लुइझियाना, टेक्सास, अलास्का, हवाई, म्हणजे देश कसकसा वाढत गेला त्याचा अख्खा हिशोब. बाजूला विस्ताराला विरोध करणारी मंडळी उभी आहेत, त्यात पेपरवाला पुलित्झर सगळ्यात पुढे, बारीक होण्याचं औषध घेऊन. अंकल सॅम म्हणतो नको बाबा, मी असलं काही कधी घेतलं नाही, आता या वयात कुठे सुरू करू. हसू कोणाचं होतंय बघा, जाड्याचं नाही, औषधवाल्यांचं! चित्रकाराच्या लेखी हे बाळसं आहे, पोरगा वाढला तर कपडे मोठे शिवा, एवढं साधं.

स्पेनशी युद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती, प्वेर्तो रिको आणि फिलिपिन्स हातात आलेले, नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, मॅकिन्लेसमोर उमेदवार ब्रायन, आणि तो या विस्ताराच्या विरोधात. तेव्हा हे चित्र म्हणजे सरळ प्रचारच. फिलिपिन्समध्ये तेव्हा अमेरिकन फौजांशी लढाई चालू होती, तिथल्या माणसाला हे बाळसं वाटलं असतं का ते वेगळंच, पण त्या शिंप्याच्या दुकानात फिलिपिनो कोणी काढलेलाच नाहीये.